मार्गरीत पोरेतचा निकाल पुन्हा तपासा : रोमच्या धर्मसिद्धान्त खात्याला खुले पत्र

प्रति,
प्रमुख आणि सर्व सदस्य,
धर्मसिद्धान्त खाते, व्हॅटिकन.

आदरणीय महोदय,

१ जून १३१० रोजी पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात एका बाईला जिवंत जाळले. खटल्याच्या कागदांत तिचे नाव ‘एनो प्रांतातली मार्गरीत, जिला पोरेत म्हणतात’ असे आहे. तिने एक पुस्तक लिहिले होते आणि ते मागे घ्यायला ती तयार नव्हती. आज सातशेहून अधिक वर्षे उलटली, तरी तो निकाल ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, दप्तरी जसाच्या तसा पडून आहे. कोणी तो उचलून धरत नाही आणि कोणी तो रद्दही करत नाही. हे पत्र त्यासाठी आहे. ते उघडपणे लिहितो आहोत, कारण या विषयावर लोकांनीही विचार करावा अशी आमची इच्छा आहे.

पत्राचे निमित्त पंधरा-सोळा वर्षे जुने आहे, पण ते अजून सलते. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी बुधवारच्या प्रवचनांतून मध्ययुगीन स्त्री-संतांची आणि साक्षात्कारी स्त्रियांची ओळख करून दिली. बिंगेनची हिल्डेगार्ड, फोलिन्योची आंजेला, सिएनाची कॅथरिन, नॉरिचची ज्युलियन अशी ती रांग होती. प्रवचने अभ्यासपूर्ण होती आणि ती झाली याचा आम्हाला आनंदच आहे. त्या रांगेत वँग्तची मार्गरीतही होती. ती कार्थुशियन या एकांतवासी पंथाच्या मठाची प्रमुख. तिने ‘आरसा’ या नावाचे पुस्तक लिहिले आणि ती १३१० साली वारली. जिच्या पुस्तकाच्या नावातही ‘आरसा’ आहे आणि जी त्याच १३१० साली गेली, त्या दुसऱ्या मार्गरीतच्या वाट्याला मात्र एक बुधवार आला नाही. तेही तिच्या मृत्यूला सातशे वर्षे पूर्ण होत होती त्या वर्षी. पुढे जानेवारी २०११ मध्ये जोन ऑफ आर्कवर प्रवचन झाले. म्हणजे ख्रिस्तसभेच्याच न्यायालयाने दोषी ठरवून जाळल्या गेलेल्या स्त्रीबद्दल बोलायला अडचण नव्हती. फक्त तिचा निकाल आधी फिरवला गेलेला असावा लागत होता.

आमचा या प्रकरणाशी संबंध काय, हे आधी सांगतो. आम्ही ‘साध्या, शून्य झालेल्या जिवांचा आरसा’ या पुस्तकाचे वाचक आहोत. वर्षानुवर्षे ते वाचतो आणि मराठी वाचकांना समजावून सांगण्याचा प्रयत्न करतो. ते लिहिले गेले त्याच सुमारास, १२९० साली, इकडे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. या दोहोंत काही देवाणघेवाण झाली असा आमचा दावा मुळीच नाही. पण पंडितांची भाषा सोडून घरच्या बोलीत देवाविषयी लिहिणे म्हणजे काय, आणि त्याबद्दल शास्त्री लोक काय करतात, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. अशा ग्रंथाचा न्याय तो ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचून करायचा असतो, एवढीच आमची भूमिका आहे.

तुमचे खाते १५४२ साली स्थापन झाले. १३१० चा निकाल तुमच्या खात्याने दिलेला नाही, हे आम्हाला माहीत आहे. तो पॅरिसच्या इन्क्विझिटरने, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने दिला. तो डॉमिनिकन पंथाचा, नाव गियोम. पण एखादी शिकवण श्रद्धेला धरून आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आज तुमच्याकडे आहे. म्हणून दार तुमचेच ठोठावतो आहोत.

आता खटल्याविषयी.

मार्गरीत बेगीन होती. बेगीन म्हणजे मठाचे आजन्म व्रत न घेता प्रार्थनेचे आणि कष्टाचे जीवन जगणारी स्त्री. या स्त्रिया विणकाम करत, मुलींना शिकवत, आजाऱ्यांची सेवा करत. आजच्या बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये त्या काळी त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या होत्या. मार्गरीतने तिच्या पिकार्ड बोलीत हे पुस्तक लिहिले. १२९६ ते १३०६ या काळात केव्हातरी कांब्रेचे बिशप गी द कोलेमेद्झो यांनी व्हालांसिएन गावात, तिच्या डोळ्यांदेखत, ते जाळले आणि पुन्हा ते लिहिले वा पसरवले तर गाठ शासनाशी आहे अशी ताकीद दिली. तिने ते पसरवणे थांबवले नाही. शालोंच्या बिशपांनाही एक प्रत पाठवली. लपूनछपून पसरवणारी व्यक्ती बिशपला प्रत पाठवत नाही, याची नोंद घ्यावी. गी यांच्यानंतर गादीवर आलेले बिशप फिलिप द मारिन्यी यांच्यापुढे ती उभी राहिली आणि १३०८ च्या अखेरीस पॅरिसला गियोमच्या ताब्यात गेली.

गियोम हा फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याचा कबुलीजबाब ऐकणारा धर्मगुरू होता. १३०७ साली टेम्प्लर सरदारांची, म्हणजे व्रतस्थ धर्मयोद्ध्यांच्या एका पंथाची, धरपकड झाली त्यातही तो पुढे होता. मारिन्यी पुढे सांसचे आर्चबिशप झाले आणि १२ मे १३१० ला, मार्गरीतच्या आधी तीन आठवडे, त्यांच्या धर्मपरिषदेच्या निकालावर ५४ टेम्प्लर जाळले गेले. ही माणसे, हे शहर आणि हा महिना डोळ्यांपुढे ठेवूनच मार्गरीतचे कागद वाचावे लागतात. ते कागद आज पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ते छापूनही झाले आहेत. कोणालाही पाहता येतात.

त्या कागदांवरून आमच्या तक्रारी अशा.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार : पुस्तकाचा न्याय झालाच नाही. न्याय झाला तो पुस्तकातून उपटून काढलेल्या वाक्यांचा. गियोमने पुस्तकातून निदान पंधरा कलमे काढली, ती लॅटिनमध्ये मांडली आणि पॅरिस विद्यापीठाच्या २१ धर्मपंडितांपुढे ठेवली. अशी कलमे असलेल्या पुस्तकाचे काय करावे, असा प्रश्न होता. पुस्तक पाखंडी आहे, असे त्यांनी एकमताने सांगितले. त्या कलमांपैकी पहिले आणि पंधरावे नोंदीत शब्दशः आहे, आणखी एक त्या काळच्या बखरीत सापडते. बाकीची आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

बखरीतले कलम असे : निर्माणकर्त्याच्या प्रेमात शून्य झालेला जीव मनाला कसलीही टोचणी न लागता निसर्गाला जे जे हवे ते देऊ शकतो. एवढेच वाचले तर कोणीही दचकेल. खा, प्या, वाटेल ते करा, पाप लागत नाही, असाच त्याचा अर्थ निघतो. आता पुस्तकाचे नववे प्रकरण उघडा. तिथे ‘प्रेम’ हे पात्र बोलते आहे. असा जीव निसर्गाला हवे ते देतो हे वाक्य तिथे आहेच, पण ते तिथे संपत नाही. पुढे लगेच येते की, या जिवाची इच्छा प्रेमाशी एकरूप झालेली असल्याने त्याचा निसर्गही इतका नीट वळणाला लागलेला असतो की निषिद्ध असे काही तो मागतच नाही. कलम काढणाऱ्याने वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला आणि ज्या अर्ध्यावर सगळा अर्थ तोललेला होता तो सोडून दिला.

दुसरे उदाहरण पहिल्या कलमाचे. असा जीव सद्गुणांचा निरोप घेतो आणि त्यांच्या दास्यात राहत नाही, उलट सद्गुणच त्याच्या इशाऱ्यावर चालतात, असे ते कलम. पुस्तकात सहाव्या प्रकरणात जीव खरोखरच सद्गुणांचा निरोप घेतो. पण त्यावर ‘बुद्धी’ हे पात्र अक्षरशः हबकते आणि हे काय बोलणे म्हणून जाब विचारते. मग ‘प्रेम’ उत्तर देते : सद्गुण या जिवाजवळ पूर्वीपेक्षा अधिक पक्केपणाने आहेत, फक्त आता तो त्यांच्या धाकाखाली राबत नाही. ज्याने धन्याच्या घरी वर्षानुवर्षे चाकरी करून धन्याची सगळी विद्या आत्मसात केली तो धन्यापेक्षा शहाणा होऊन घराबाहेर पडतो, हे उदाहरणही लेखिकेने पुढे स्वतःच दिले आहे. धर्मपंडितांना जो आक्षेप सुचला तोच आक्षेप पुस्तकातल्या ‘बुद्धी’ने आधीच घेतला होता आणि त्याला उत्तरही मिळाले होते. कलमात मात्र ना ‘बुद्धी’चा प्रश्न आला ना ‘प्रेमा’चे उत्तर.

अशा तोडीत चूक कुठे होते ते आम्ही नेमके सांगू शकतो, कारण पुस्तक शिकवताना आजही वाचक तिथेच अडखळतात. एक, हे पुस्तक संवादरूप आहे आणि कोण बोलतो आहे हे पुसले की वाक्य लेखिकेचा सिद्धान्त बनून बसते. दोन, धाडसी विधान आणि त्याची मर्यादा बहुधा लागोपाठच्या वाक्यांत येतात, कधी मर्यादा पुढच्या प्रकरणात येते. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, पुस्तकात आत्म्याच्या सात अवस्था आहेत आणि प्रत्येक विधान कुठल्यातरी एका अवस्थेचे आहे. हा जिना ११८ व्या प्रकरणात येतो, म्हणजे सुमारे १४० प्रकरणांच्या पुस्तकात पार शेवटाकडे. पहिल्या अवस्थेत जीव देवाच्या आज्ञा पाळतो. दुसरीत त्यापलीकडे जाऊन ख्रिस्ताच्या उपदेशाप्रमाणे सर्वस्व सोडतो. तिसरीत त्याला सत्कृत्यांचीच गोडी लागते आणि मग ती गोडीसुद्धा त्याला तोडावी लागते. चौथीत ध्यानाचा इतका गोडवा येतो की याहून वर काही नाही असे वाटते, आणि लेखिका इथे स्पष्ट बजावते की ही फसगत आहे. पाचवीत जिवाला दिसते की देव आहे आणि आपण नाही. मग तो आपली इच्छा जिथून आली तिथे परत करतो. सहावी विजेसारखी क्षणभर चमकून जाते, तिथे जीव स्वतःलाही पाहत नाही आणि देवालाही नाही, देवच त्याच्यात स्वतःला पाहतो. सातवी मेल्यानंतर. तिच्याविषयी इथे बोलता येत नाही, असे ती म्हणते.

निरोप घेणे, निसर्गाला हवे ते देणे, ही सगळी विधाने पाचवीची आणि तिच्या पलीकडची आहेत. त्याआधी आज्ञापालन आहे, व्रते आहेत, पापाला, मग निसर्गाला, मग स्वतःच्या अहंभावाला मरणे आहे. ज्याने चार पायऱ्या चढल्याच नाहीत त्याच्या हाती पाचवीचे वाक्य दिले तर तो घसरणार, यात शंका नाही. तुमच्या पूर्वसूरींची भीती निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. पण ती भीती जिना दाखवून दूर करायची होती. त्यांनी जिनाच जाळला.

दुसरी तक्रार साक्षीची आहे. या पुस्तकाला तीन धर्मपंडितांनी मान्यता दिली होती. एक फ्रान्सिस्कन धर्मबंधू जॉन, दुसरे व्हिलेरच्या सिस्टर्शियन मठाचे फ्रँको आणि तिसरे फोंतेनचे गॉडफ्री. गॉडफ्री म्हणजे पॅरिस विद्यापीठातले त्या काळचे मोठे नाव. फ्रँकोंनी सांगितले की पुस्तकातले सारे शास्त्राला धरून आहे. जॉन आणि गॉडफ्री यांनी स्तुती केली आणि सावधही केले : हे फार जणांनी वाचू नये, कारण ज्याला ते झेपणार नाही तो आपला मार्ग सोडून नसत्या वाटेला लागेल. आमच्या मते या पुस्तकाविषयीचे सर्वांत समंजस मत तेच आहे आणि ते जाळणाऱ्यांच्या नव्हे तर वाचणाऱ्यांच्या तोंडून आले. खटल्याच्या उरलेल्या कागदांत या तिघांच्या मताचा विचार झाल्याची खूण नाही.

तिसरी तक्रार : दोषी ठरवण्याची रीत. मार्गरीतने चौकशीआधीची शपथ घ्यायला नकार दिला. सुमारे दीड वर्ष ती कोठडीत गप्प राहिली. त्यामुळे तिला बहिष्कृत केले आणि वर्षभर बहिष्कारात राहूनही जो नमत नाही तो पाखंडी, या नियमाने ती पाखंडी ठरली. शिवाय पूर्वी ताकीद मिळूनही पुस्तक पसरवले म्हणून ९ मे १३१० ला धर्मकायद्याच्या तज्ज्ञांनी ती ‘पुन्हा घसरलेली’ असल्याचे मत दिले. तसे ठरल्यावर माफीची वाटही बंद होते. ३१ मे ला निकाल, दुसऱ्या दिवशी आग. त्या काळचे नियम पाळले गेले, हे आम्ही मान्य करतो. पण परिणाम पाहा. पुस्तकातल्या एकाही ओळीवर लेखिकेशी चर्चा झालेली नोंद नाही. तिच्याबरोबर गियार द क्रेसोनेसार नावाचा माणूस पकडला गेला होता, तो तिच्या बचावासाठी पुढे आला होता. त्याने अखेर शपथ घेतली, जबानी दिली, आणि त्याला जन्मठेप झाली. तो बोलला म्हणून जगला. तिने मौन सोडले नाही. तिच्या बाजूने बखरकाराने एकच गोष्ट लिहून ठेवली, तीही तिला ‘खोटी बाई’ म्हणणाऱ्या बखरकाराने : मरताना तिचे वागणे इतके शांत आणि भक्तिभावाचे होते की पाहणाऱ्या कित्येकांना रडू आवरले नाही.

चौथी तक्रार, निकालाच्या झळा इतरांना लागल्या त्याबद्दल. फ्रान्समधल्या व्हिएन शहरात १३११-१२ साली भरलेल्या धर्मपरिषदेने आठ चुकीची मते ठरवली. त्यांतले सहावे मत, परिपूर्ण जीव सद्गुणांना निरोप देतो, हे मार्गरीतच्या पहिल्या कलमाशी जुळते. तिच्यावर निकाल देणारे काही धर्मपंडित त्या परिषदेतही होते. त्याच परिषदेच्या दुसऱ्या एका हुकुमाने बेगीनांच्या राहणीवरच बंदी घातली. १३१७ मध्ये हे हुकूम जारी झाल्यावर कित्येक गावांत या स्त्रियांना छळ सोसावा लागला, घरे सोडावी लागली. फ्लँडर्समधल्या १३ बेगीन-वस्त्या आज जागतिक वारसा म्हणून जपल्या जातात आणि शेवटची बेगीन २०१३ साली वारली. ज्यांना एकेकाळी हुकुमाने संपवायचे ठरले होते त्यांच्या विटा आज पर्यटक बघतात.

पाचवी तक्रार सर्वांत विलक्षण आहे आणि तिच्याविषयी तुमच्याकडून स्पष्ट उत्तर हवे आहे. सगळ्या प्रती इन्क्विझिटरकडे जमा करा, असा निकालात हुकूम होता. तरी पुस्तक टिकले. लेखिकेचे नाव गळून पडले आणि पुस्तक बिननावाचे मठामठांतून फिरत राहिले. लॅटिनमध्ये गेले, इटालियनमध्ये गेले. इंग्रजीत ते ज्याने नेले त्याची आपल्याला फक्त एम. आणि एन. ही आद्याक्षरे माहीत आहेत. त्याने काय केले पाहा : जिथे वाचक चुकेल असे वाटले अशा पंधरा जागी त्याने आपली टीप घातली आणि टीप कुठे सुरू होते व कुठे संपते ते कळावे म्हणून दोन्ही टोकांना आपली अक्षरे ठेवली. १३१० मध्ये हेच करायला हवे होते. ते इंग्लंडमधल्या एका अनुवादकाने एकट्याने केले. ही प्रत कार्थुशियन मठांत जपली गेली आणि १४९१ साली तिथल्याच रिचर्ड मेथली यांनी ती इंग्रजीतून पुन्हा लॅटिनमध्ये आणली. मूळ लेखक मोठा पुरुष साधक असावा अशीच समजूत होती.

१९२७ साली याच इंग्रजी प्रतीची नवी आवृत्ती लंडनला निघाली, आणि तिच्यावर ‘छापण्यास हरकत नाही’ अशी ख्रिस्तसभेची अधिकृत मोहोर होती. लेखक अज्ञात फ्रेंच साधक. फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेल यांनी १९४३ मध्ये लंडनला हीच आवृत्ती वाचली. मग १९४६ साली रोमाना ग्वार्निएरी या विदुषीने व्हॅटिकन ग्रंथालयातल्या लॅटिन हस्तलिखितांची १३१० च्या कलमांशी ताडणी केली आणि हे पुस्तक त्या जाळलेल्या बेगीनचेच असल्याचे जाहीर केले. ही बातमी तुमच्याच ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या व्हॅटिकनच्या वृत्तपत्रात १६ जून १९४६ ला आली. म्हणजे तोच मजकूर नाव नसताना श्रद्धेला धरून आहे आणि नाव कळल्यावर पाखंडी आहे. यांतले खरे कोणते? दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

तिच्या प्रभावाबद्दल थोडेसेच सांगतो. जर्मन साधक आणि धर्मपंडित माइस्टर एकहार्ट १३११ ते १३१३ पॅरिसमध्ये डॉमिनिकन मठात राहत होते. गियोमही त्याच मठातला. काही इच्छा न करणारा, काही न जाणणारा, काही जवळ नसलेला असा दरिद्री माणूस एकहार्ट यांच्या जर्मन प्रवचनात भेटतो, आणि ज्याने ‘आरसा’ वाचला आहे त्याला तो ओळखीचा वाटतो. अभ्यासकांनी हे साम्य पुष्कळ तपासले आहे. तुमच्या परंपरेतल्या या धाग्याची सुरुवात दाखवायची तर मार्गरीतचे नाव घ्यावेच लागते.

हे सारे झाले. आता उपायाकडे वळतो, आणि तो नवा नाही. तुमच्याच घरात त्याचा पायंडा आहे. ३० मे १४३१ ला जोन ऑफ आर्कला रूआँमध्ये जाळले. तिच्याही जबान्यांतून बारा कलमे काढून पॅरिस विद्यापीठाकडेच पाठवली होती आणि विद्यापीठाने तेव्हाही होकार भरला होता. पुढे तिच्या आईने आणि भावांनी दाद मागितली, पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी १४५५ मध्ये परवानगी दिली, साक्षीदार तपासले गेले, आणि ७ जुलै १४५६ ला नव्या न्यायालयाने जुना निकाल रद्द केला. त्या निकालातला एक मुद्दा आमच्यासाठी फार मोलाचा आहे : ती बारा कलमे मूळ जबानीशी इमान न राखता, कपटाने काढली गेली होती, असे न्यायालयाने ठरवले आणि ती फाडून टाकायला लावली. मूळ मजकुराशी न जुळणाऱ्या उताऱ्यांवर उभा राहिलेला निकाल टिकत नाही, हे तत्त्व ख्रिस्तसभेने पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वतः मान्य केले आहे. मार्गरीतच्या बाबतीत तर ताडून पाहायला मूळ पुस्तकच हातात आहे. दाद मागायला तिचे आईवडील, भाऊबहीण कोणी उरलेले नाहीत एवढाच फरक.

म्हणून आमच्या मागण्या :

१. १३१० च्या निकालाच्या फेरतपासणीसाठी मंडळ नेमा. त्यात धर्मशास्त्र, धर्मकायदा, इतिहास आणि हस्तलिखितशास्त्र जाणणारी माणसे असावीत आणि निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात. उपलब्ध असलेले प्रत्येक कलम पुस्तकातल्या त्या त्या प्रकरणाशी, बोलणारे पात्र आणि अवस्था ध्यानात घेऊन, ओळीने ताडावे आणि अहवाल प्रसिद्ध करावा. दोन वर्षांत हे काम होण्यासारखे आहे, कारण फ्रेंच आणि लॅटिन पाठ समोरासमोर छापलेली आवृत्ती १९८६ पासून उपलब्ध आहे.

२. कलमे मूळ मजकुराशी जुळत नाहीत असे आढळले तर १४५६ च्या पायंड्याप्रमाणे निकाल रद्द झाल्याचे स्पष्ट शब्दांत जाहीर करा. तिला संत घोषित करा अशी आमची मागणी नाही. पुस्तकातले अमुक वाक्य आजही धोक्याचे वाटते असे मंडळाचे मत पडले तर तेही कारणांसह लिहा. आम्ही ते वाचू आणि उत्तर देऊ.

३. तिच्या मृत्यूबद्दल नाव घेऊन खेद व्यक्त करा. १२ मार्च २००० च्या क्षमायाचनेत सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेचा सर्वसाधारण उल्लेख होता. पण पाखंडी ठरवून जाळलेले चेक धर्मसुधारक यान हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी डिसेंबर १९९९ मध्ये नाव घेऊन खेद व्यक्त केला होता. हुस यांना जे मिळाले ते मार्गरीतलाही मिळायला हवे.

४. १९२७ ची मान्यता लेखिकेचे नाव घातल्यावरही लागू आहे की नाही, ते सांगा. आज कोणी कॅथलिक प्रकाशक तिच्या नावाने हे पुस्तक, अनुवादकाच्या टिपा आणि तिघांच्या मान्यतापत्रांसह, छापू इच्छित असेल तर त्याने कोणाची परवानगी घ्यायची?

५. व्हॅटिकन ग्रंथालयातील या पुस्तकाची सर्व लॅटिन हस्तलिखिते संपूर्ण आणि वाचता येतील अशा छायाचित्रांसह सर्वांसाठी खुली ठेवा आणि सूचीत लेखिकेचे नाव घाला. जुनी फ्रेंच प्रत शांतीयीच्या संग्रहालयात आहे, ती लेखिकेनंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने लिहिलेली. तिच्या मूळ बोलीच्या जवळ जाणारी दोन प्रकरणे तेवढी एका वेगळ्या हस्तलिखितात सापडली आहेत, आणि ते व्हालांसिएनच्या ग्रंथालयात आहे, ज्या गावात पुस्तक पहिल्यांदा जाळले त्याच गावात. इतके थोडे उरलेले असताना लॅटिन प्रतींचे महत्त्व किती, हे तुम्हाला सांगायला नको.

६. व्हिएन परिषदेचा बेगीनांविरुद्धचा हुकूम आज कोणत्याही अर्थाने लागू नाही आणि त्या हुकुमाने निर्दोष स्त्रियांवर अन्याय झाला, असे लेखी निवेदन द्या.

यांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी मागणी मंडळाची वाट न पाहता, आताच पूर्ण करता येईल. या तीन मागण्यांचे उत्तर येत्या १ जूनपर्यंत जाहीरपणे मिळावे, अशी विनंती आहे.

आपले नम्र,
‘आरसा’चे काही मराठी वाचक